मे महिन्याचा कूलर आणि 100 युनिटांची अट: स्मार्ट सोलर योजनेचा अर्ज

घरावर 1 किलोवॅट सोलर बसवायला साधारण 50 हजार लागतात. त्यातले 30 हजार केंद्र देतं. राज्याच्या स्मार्ट योजनेत उरलेल्यातलं बीपीएल ग्राहकाने फक्त 2,500, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाने 5,000 आणि इतर दुर्बल घटकाने 10,000 भरायचे. महिन्याला 120 युनिटांच्या आसपास वीज तयार होते.

बीपीएल नसलेल्यांसाठी अट अशी, की ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या काळात एकाही महिन्यात वापर 100 युनिटांच्या वर गेलेला नसावा. एकाही महिन्यात! आता परभणी-नांदेडकडचं घर घ्या. थंडीत 55 युनिट. मे मध्ये 200 वॅटचा कूलर रोज दहा तास, म्हणजे 60 युनिट जादा. बिल 115 वर, माणूस यादीबाहेर. पारा 42 च्या पुढे जातो तिथे हीच अट लावणं मला पटत नाही. वर्षाची सरासरी धरायला हवी होती. म्हणून अर्जाआधी त्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एप्रिल, मे, जूनचे आकडे आधी बघा.

अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरून. बारा अंकी ग्राहक क्रमांक, ताजं बिल, आधार, बँक पासबुक, घरपट्टीची पावती किंवा नमुना 8, आणि लागू असेल तर जातीचा दाखला किंवा बीपीएलचा पुरावा जवळ ठेवा. थकबाकी नको, आधी दुसऱ्या सोलर योजनेचा लाभ घेतलेला नको. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य असल्याने रेंगाळू नका. छत स्वतःचं हवं, त्यामुळे भाडेकरू आपोआप बाद. माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर पैसे भरण्याआधी सोलर बसवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला वर चढवून छत दाखवा.

सोलर नाही जमलं तर? स्मार्ट टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं) असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सूट बिलातच मिळते, अर्ज लागत नाही. दुपारी सहा तास कूलर चालवणाऱ्याला महिन्याला तीसेक रुपये. एसीवाल्याला याच्या कितीतरी पट, कारण सूट वापरावर आहे, गरजेवर नाही.

आणि मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर ते काम आधी उरका: मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, घराच्या मालकीचा कागद. आमच्या गल्लीत निम्म्या अर्जांचं घोडं इथेच अडलंय.