निगेटिव्ह डबल घेतलं की दंड हातचा जातो?

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकणाऱ्यांच्या कानावर हे हमखास पडतं: जोडीदाराच्या ओपनिंगवर (पहिल्या बोलीवर) प्रतिस्पर्धी मध्येच रंग बोलला, तर निगेटिव्ह डबल (दंडासाठी नव्हे, तर न बोललेला रंग दाखवण्यासाठी दिलेलं डबल) खेळणाऱ्या जोडीला त्याला दंड करताच, म्हणजे डबल देऊन त्याची बोली फसल्याची जास्त किंमत वसूल करताच येत नाही. हे साफ चूक आहे, आणि या भीतीपोटी अनेक जोड्या एक उत्तम हत्यार म्यान करून ठेवतात.

समजा, जोडीदार १ चौकट बोलला, उजवीकडून १ इस्पिक आलं. तुमच्याकडे चार बदाम आणि मोठ्या पानांचे आठ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). २ बदाम बोलायला पाच पानं आणि साधारण १० गुण हवेत. पास केलं तर बदामाचा मेळ (दोघांची मिळून पुरेशी पानं) हरवेल. इथे डबल म्हणजे ‘माझ्याकडे बदाम आहेत’. असे हात वारंवार येतात; प्रतिस्पर्ध्याच्याच रंगाची भरगच्च पानं क्वचित. ॲल्विन रॉथ यांनी १९५७ च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली ती याच हिशेबाने.

मग इस्पिकचे राजा, गुलाम, दश्शी, अठ्ठी, पंजी हाती असतील तर? पास करा. डावीकडूनही पास आला की इस्पिक कमी असलेला ओपनर (पहिली बोली बोललेला तुमचा जोडीदार) सहसा डबल देतो. त्यावर तुम्ही पुन्हा पास केलं की तेच डबल दंडाचं झालं. यासाठी ओपनरने मात्र जागरूक राहायला हवं. एखाददुसरंच इस्पिक असताना तो गप्प बसला, तर दोष पद्धतीचा नाही.

आणि मध्ये रंगाऐवजी १ नो ट्रम्प (हुकूम नसलेली बोली) आलं, तर डबल सहसा सरळ दंडाचंच असतं.