बेने इस्राएल समाज: पिढ्या आणि एकोपा

बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज, मूळचा रायगडच्या किनाऱ्यावरचा, नंतर मुंबई, ठाणे, पुणे असा पसरलेला, आणि आता बहुतेक लोकं इस्रायलमध्ये. त्यांचा सगळा इतिहास इथे सांगायचा नाहीये. आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना धरून या लोकांनी समाज कसा टिकवला, आणि आपलं कोणाला म्हणायचं या प्रश्नावर ते कुठे अडले, तेवढंच बघू.

परंपरा अशी की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं तिथेच पुरली. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नाहीत असं सांगतात. मग उरलं काय, तर शनिवारी काम बंद, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवलं नसलेला मासा वर्ज्य, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं शनवार तेली. आता यातली बहुतेक गोष्ट घरात घडणारी आहे, स्वयंपाकघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत, म्हणजे ती सांभाळली मुख्यतः घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी. हे इतिहासात फारसं कोणी लिहीत नाही, सगळं श्रेय जातं दावीद राहबीला, ज्याने या लोकांना ज्यू म्हणून ओळखलं आणि तिघांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, केलं. तो नेमका कोण आणि कुठल्या शतकातला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्याला ओळखायला काहीतरी शिल्लक होतं ते त्या घरांमुळेच ना!

सगळ्या पिढ्यांना एका ताटाभोवती बसवणारा विधी म्हणजे मलिदा. लग्नाआधी, सुंतेला, नवीन घरात जाताना, आजारातून उठल्यावर किंवा नवस फेडायला मलिदा करतात, आणि तो असतो एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. पोहे धुऊन भिजवायचे, त्यात खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, काजू, बेदाणे घालायचे, ताटात त्याची रास करायची आणि भोवती फळं मांडायची, जोडीला गुलाबासारखं काहीतरी सुवासिक. आधी हिब्रूतलं एलियाहूचं गाणं सगळे मिळून म्हणतात, मग झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत पिकणाऱ्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा, असं करत वाटप. पोहे, खोबरं, केळी हे सगळं कोकणातल्या कुठल्याही घरात मिळणारं, त्यामुळे गरिबाच्या घरचा मलिदा कमी आणि श्रीमंताचा जास्त असं काही राहत नाही, निदान फारसं नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, नवस बोलायला आणि फेडायला तिथे मुंबईहून अख्खी कुटुंबं येतात, इस्रायलला गेलेलेही सुट्टीत आले की जातात.

खाण्याचंही तसंच. मटणाबरोबर दूध चालत नाही म्हणून रश्शात नारळाचं दूध, ज्यू नव्या वर्षाला गव्हाचा चीक काढून त्याचा हलवा पण तोही नारळाच्या दुधात, आणि शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) किद्दूशला, म्हणजे वाइनवर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइन नसली तर काळ्या मनुकांचं सरबत. हलवा ढवळायला तासन्तास लागतात, एकट्या माणसाचं ते काम नाही, म्हणून शेजारच्या, नात्यातल्या पोरीबाळी हाताशी येतात आणि तिथेच शिकतात.

देऊळ म्हणजे सिनेगॉग, पण हे लोकं त्याला मशीद म्हणतात. मुंबईतली पहिली १७९६ साली मांडवीत बांधली सामाजी (म्हणजे सॅम्युएल) हसाजी दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या माणसाने, टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर बांधीन असा नवस होता म्हणतात. तिचं नाव शार हारहमीम. तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव याच घराण्यामुळे. कारभाराची पद्धत गावगाड्यासारखीच: मुकादम, चौगले, हिशेबाला गबाई, प्रार्थनेला हझान. भांडण, सोयरीक, मयत सगळं मुकादमाकडे. पुढे १८४८ ला अलिबाग, १८४९ ला पनवेल, १८७९ ला ठाणे अशा मशिदी होत गेल्या.

आता अवघड भाग. समाजात आतमध्येच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन गट होते. गोरे स्वतःला शुद्ध वंशाचे समजायचे, काळे म्हणजे बाहेरच्या बाईशी झालेल्या संबंधातले किंवा लग्नातले वंशज, आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नाही. बाहेर गावात तुम्ही तेली म्हणून खालचे, आणि घरात परत स्वतःची उतरंड, हे आपल्याकडचं जुनंच दुखणं. शहरात आल्यावर, शिक्षण आणि नोकऱ्या वाढल्यावर हा भेद विरत गेला. मग बगदादकडचे म्हणून बगदादी म्हणवले जाणारे ज्यू आले, ससून वगैरे पैसेवाले, त्यांच्यातल्या अनेकांनी बेने इस्राएलांना सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान दहा पुरुषांत मोजायलाच नकार दिला. हेच नंतर इस्रायलमध्ये झालं, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी या लोकांच्या लग्नाआधी वंशावळ तपासायचा आदेश काढला, त्यावर जेरुसलेममध्ये आंदोलन पेटलं आणि १९६४ मध्ये संसदेने हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. गंमत म्हणजे आज मुंबईत बगदाद्यांनी बांधलेल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला माणसं मिळतात ती बरीचशी बेने इस्राएलच.

बायकांच्या बाबतीत या समाजाने बऱ्यापैकी लवकर पावलं टाकली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ ला मुंबईत इस्रायली शाळा निघाली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन १९०५ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि पुढे अनेक वर्षं याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलवाल्या, लंडनमध्ये शिकताना उदारमतवादी ज्यू विचारांच्या संपर्कात आल्या आणि १९२५ ला मुंबईत ज्यूईश रिलिजियस युनियन उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या मंडळींच्या रोदेफ शालोम सिनेगॉगमध्ये बायका पुरुषांबरोबर बसतात. जुन्या वळणाच्या लोकांना ते पटलं नाही, आणि आजही सगळ्यांना पटतं असं नाही.

मराठीचा वापर हा आणखी एक धागा. हिब्रू येणारे थोडे, म्हणून हगादा, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासकट छापली, एक पुण्यात १८७४ ला निघाली. १८८० च्या सुमाराला ज्यू कीर्तन सुरू झालं, म्हणजे थेट हरिदासी पद्धतीचं, साकी-दिंडीसकट, पण आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. अक्षरओळख नसलेल्या आजीला आणि बसल्या जागी चुळबुळ करणाऱ्या नातवाला एकाच वेळी धर्म कळायची ही सोय भारी होती.

१९४८ ला भारतात साधारण वीस हजार बेने इस्राएल होते, आता चार-पाच हजारांच्या आसपास. तरुण गेले, म्हातारे मागे राहिले, आणि कोकणातल्या मशिदींत दहा माणसं जमवायची म्हणजे मुंबई-ठाण्याहून बोलवावी लागतात. मुंबईत ओआरटी आणि जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी या आंतरराष्ट्रीय ज्यू संस्था १९६० च्या दशकापासून आहेत, आधी शिक्षण आणि मदत, नंतर कम्युनिटी सेंटर, जिथे पोरांचे हिब्रू वर्ग, तरुणांच्या भेटीगाठी, ज्येष्ठांचे कार्यक्रम आणि सणाचं एकत्र जेवण एकाच छताखाली होतं. तिकडे इस्रायलमध्ये रामला, लोद, अश्दोद, दिमोना या गावांत हे लोकं जास्त, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघायचं, वाचणारे मात्र जास्त करून इथून गेलेल्या पिढीचे, तिथे जन्मलेल्या पोरांना मराठी बोललेलं कळतं पण देवनागरी वाचता येत नाही. मलिदा मात्र तिकडेही घरोघर होतो, पोहे भारतीय दुकानातून आणतात.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी सरकारी कागदावर धर्माच्या रकान्यात यांची गणना 'इतर' मध्ये व्हायची.