साइडलोडिंग

स्मार्टफोनवरील अधिकृत ॲप-दुकानाची तपासणी टाळून एखादे ॲप थेट फोनमध्ये बसविण्याची पद्धत. अँड्रॉइडवर त्यासाठी एपीके, म्हणजे ॲप बसविण्याची फाइल, वापरतात. फोनच्या मालकाला ही मुभा कितपत असावी, याविषयी मतभेद आहेत.

आरंभ : वादाची सुरुवात सामान्यतः आयफोनपासून धरतात. 2007 मधील पहिल्या आयफोनवर बाहेरची ॲप बसत नसत. जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर उघडले आणि तोच एकमेव अधिकृत मार्ग राहिला. हे कुलूप तोडण्याच्या ‘जेलब्रेक’ प्रकाराला अमेरिकेत 2010 मध्ये प्रताधिकार कायद्यातून सूट मिळाली. ही कालगणना सुटसुटीत खरी, पण अपुरी वाटते. 2005 साली जाहीर झालेल्या सिम्बियन 9 या मोबाइल फोनच्या प्रणालीनेच ॲपवर अंकीय स्वाक्षरीची, म्हणजे ॲप कोणाकडून आले हे दाखविणाऱ्या संगणकीय खुणेची, अट घातली होती. नोकिया एन73 सारख्या फोनवर संवेदनशील क्षमता वापरणारे ॲप मान्य स्वाक्षरीविना चालत नसे. (त्या सुमारास म्हापसा, मडगावच्या मोबाइल दुकानांत खेळ आणि गाणी मेमरी कार्डावर भरून मिळत, स्वाक्षरीची चौकशी कोण करणार?) आयफोनसाठी बाहेरची ॲप येतील असे सांगणाऱ्या ऑक्टोबर 2007 च्या पत्रात स्टीव्ह जॉब्झ यांनी नोकियाच्या याच अटीचा दाखला दिला होता. त्यामुळे मूळ प्रश्न दुकानाचा नसून स्वाक्षरी कोणाची ग्राह्य धरायची हा आहे, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

अँड्रॉइडवरही स्वाक्षरी लागते, पण ती विकसक (ॲप बनविणारा) स्वतःच करतो. बाहेरची ॲप बसविण्यासाठीची ‘अज्ञात स्रोत’ ही एकच सर्वव्यापी परवानगी 2017 मधील आठव्या आवृत्तीत जाऊन, ब्राउझरसारख्या ज्या ॲपमधून ती बसवायची त्या प्रत्येकाला वेगळी परवानगी आली. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने बाहेरून येणाऱ्या ॲपच्या विकसकांचीही ओळख पटवून घेण्याचे जाहीर केले. मुक्त ॲपांचे भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडने त्याला विरोध केला. पुढे जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे गूगलने सांगितले. ओळख पटविण्याची ही सक्ती 2007 च्या पत्रातल्या अटीचीच नवी आवृत्ती म्हणता येईल.

कायदा : युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च 2024 पासून तेथील आयफोनवर पर्यायी दुकाने आली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला आणि साइडलोडिंगला आडकाठी न करण्याचा आदेश दिला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, साइडलोडिंगचा निर्देश मात्र रद्द केला.

गोवा : गोव्यात हा विषय मुख्यतः फसवणुकीच्या संदर्भात निघतो. वाहतूक चलन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके येते. बसविताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळविते. तक्रारीसाठी 1930 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

जुगाराच्या बाबतीत राज्याची स्थिती निराळी आहे. येथील 1976 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांतील आणि जहाजांवरील कॅसिनोंना वाव मिळाला. पैशांच्या खेळांची ॲप मात्र प्ले स्टोअर दीर्घकाळ घेत नसल्याने ती कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून एपीके म्हणूनच उतरवली जात. 2025 च्या केंद्रीय कायद्याने असे ऑनलाइन खेळ पुरविण्यास बंदी केली. मांडवीतील तरंगते कॅसिनो त्याच्या कक्षेत येत नाहीत.