कुमाऊंची तळी: कधी यावं, कुठे राहावं आणि शनिवारी नैनीताल का नको

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की फोनवर रोज तीच मागणी येते: 'शनिवार-रविवार धरून नैनीताल करायचंय. हॉटेल मॉल रोडवरच हवं, खोलीतून तळं दिसायला हवं.' अशी खोली मिळते. पण त्या खोलीत पाऊल ठेवेपर्यंत अर्धा दिवस जाऊ शकतो, हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्रक.

उत्तराखंडच्या कुमाऊं भागातलं नैनीताल वाटीसारखं आहे. तळाशी पाणी, भोवती डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत अख्खं गाव. बाहेरून येणारे रस्ते तीन: काठगोदामकडून (डोंगराच्या पायथ्याचं शेवटचं रेल्वे स्टेशन), कालाढूंगीकडून आणि भवालीकडून. तिन्ही शेवटी त्याच पट्टीत उतरतात आणि गावात पार्किंगची जागा मोजकी. त्यामुळे हंगामातल्या शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की पोलिस बाहेरच्या गाड्या रूसी बायपास, नारायणनगर अशा ठिकाणी गावाबाहेरच थांबवतात आणि पुढे शटलने पाठवतात. पहाटे दिल्लीहून गाडीने निघालेलं कुटुंब दुपारी उन्हात बॅगा, लहान मूल आणि आजी-आजोबांना घेऊन शटलच्या रांगेत उभं राहतं. त्यातून संध्याकाळ झाली, तर हंगामात मॉल रोडवर त्या वेळी गाड्या बंद असतात. म्हणजे तळ्याच्या खालच्या टोकाला, तल्लीतालला उतरायचं आणि सामान उचलून चालायचं. दोन रात्रींच्या सहलीतली एक संध्याकाळ अशी गेली तर उरतं काय?

म्हणून मे-जूनमध्ये शनिवारचा नैनीताल मुक्काम आम्ही देत नाही. मुक्काम भीमताल किंवा नौकुचियातालला ठेवतो आणि नैनीताल मधल्या वारी, सोमवार ते गुरुवारमध्ये, सकाळी लवकर करतो. त्या वेळी तळ्यावर गर्दी नसते, नाव लगेच मिळते. नयनादेवीचं दर्शन, तळ्याच्या वरच्या टोकाच्या मल्लीतालहून रोपवेने स्नो व्ह्यू टेकडी आणि दुपारच्या जेवणाला परत भीमताल. अंतर बावीस-तेवीस किलोमीटर.

'भीमतालला ठेवून तुम्ही स्वस्तातलं हॉटेल गळ्यात मारता' असं काही जण म्हणतात. तसं नाही. भीमतालचं तळं नैनीतालच्या तळ्यापेक्षा मोठं आहे, मध्ये बेट आहे, काठाने निवांत फिरता येतं. नौकुचियाताल तिथून चार-पाच किलोमीटरवर, या भागातल्या सर्वांत खोल तळ्यांपैकी एक, सुमारे ४० मीटर. तिथल्या चांगल्या खोल्यांचे दर नैनीतालइतकेच असतात. फरक एवढाच की गाडी थेट दारात लागते.

उन्हाळ्याबद्दल आणखी एक गोष्ट. नैनीताल शहराला पिण्याचं पाणी तिथल्याच तळ्यातून जातं. मे अखेरीस पातळी उतरते, काठाची माती उघडी पडते. काठोकाठ भरलेल्या तळ्याचे फोटो पावसाळ्यानंतरचे असतात, हे लक्षात ठेवून या. उलट याच दिवसांत रामगढच्या बागांमधून पीच, प्लम, खुमानी (जर्दाळू) येतात आणि रस्त्याकडेला काफळ हे लहान रानफळ विकायला बसतात. काफळ जरूर खा. ते फळ टिकत नाही, त्यामुळे आपल्याकडे पोहोचतच नाही. १५ जूनला कैंची धामची, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमाची, मोठी जत्रा असते. त्याच्या आगेमागे भवाली-अल्मोडा रस्ता धरू नका.

जुलै ते सप्टेंबर मध्य आम्ही बुकिंग घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. हे डोंगर ठिसूळ आहेत. १८ सप्टेंबर १८८० रोजी सततच्या पावसानंतर नैनीतालमध्ये कडा कोसळून १५१ माणसं गेली, नयनादेवीचं देऊळही गाडलं गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अवेळी पावसाने तळ्याचं पाणी मॉल रोडवर आलं आणि शहराचा संपर्क तुटला. म्हणून ऑक्टोबरच्या सहलीतही आम्ही परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवतो. तो दिवस 'वाया' घालवल्याबद्दल नाराज होऊ नका.

आमचं मत विचाराल तर आपल्यासाठी सर्वांत चांगला काळ दिवाळीच्या सुट्टीचा. शाळा बंद, तळी भरलेली, हवा धुऊन निघालेली. मुक्तेश्वरहून सकाळी नंदादेवी, त्रिशूळ ही हिमशिखरं स्पष्ट दिसतात. मे महिन्यात धुरकट हवेमुळे बहुतेकदा दिसत नाहीत. दिल्लीकरांची गर्दी शनिवार-रविवारी तेव्हाही असते, पण मे महिन्यासारखी कोंडी सहसा होत नाही. थंडी मात्र खरी असते. मुंबई-पुण्याच्या माणसाने स्वेटरवर भागेल असं समजू नये. जाकीट, कानटोपी आणि मोजे आणाच.

डिसेंबर-जानेवारीत 'बर्फ मिळेल ना?' असं विचारतात. नैनीतालला बर्फ पडतो, पण मोजके दिवस, आणि कोणते ते आधी सांगता येत नाही. भीमताल बरंच खाली आहे, तिथे तर क्वचितच. हमी कुणी देत असेल तर लेखी मागा. खरी अडचण धुक्याची: खाली मैदानात रेल्वेगाड्या तासन् तास उशिरा धावतात. ज्या दिवशी काठगोदामहून निघाल, त्याच दिवशी दिल्लीहून विमान ठेवू नका.

फेब्रुवारी ते एप्रिल मुलं परीक्षांमध्ये असतात, म्हणून हा काळ ज्येष्ठांचा आणि पक्षी पाहणाऱ्यांचा. डोंगरात बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) लाल फुललेला असतो. भीमतालजवळचं सातताल पक्ष्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथे उजाडताना पोहोचवण्याची सोय आम्ही करतो. गाडी आणि चालक पायथ्याच्या हल्द्वानीचे असल्यामुळे कोणता रस्ता बंद आहे, हे त्यांना आपल्या आधी कळतं.

चौकशी करताना तीन गोष्टी सांगा: सगळ्यांची वयं, वळणाच्या रस्त्यावर कुणाला उलटी होते का, आणि तारखा पुढे-मागे करता येतील का. दिल्ली-काठगोदाम प्रवासाला दोन चांगले पर्याय आहेत: सकाळची शताब्दी किंवा जुन्या दिल्लीहून रात्री सुटणारी राणीखेत एक्स्प्रेस. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीची तिकिटं लवकर संपतात. त्यामुळे दिवाळीच्या तारखा गणपतीच्या आधीच आम्हाला कळवा.