पाटी आहे, पण जिथं गोंधळ होतो तिथं नाही

माझी मावशी मेट्रोनं कुठं जायचं म्हटलं की स्टेशनात शिरल्यापासून निदान तीन माणसांना तरी विचारते. डोक्यावर ही मोठी पाटी लटकत असते, बाण असतो, रंग असतो, तरी विचारते. बरीच वर्षं मला वाटायचं की तिला वाचायचा कंटाळा आहे. मग एकदा मी मुद्दाम काही न बोलता तिच्या मागं मागं चाललो आणि तेव्हा कळलं की ती थांबते ती जागा ठरलेलीच आहे. जिना संपतो, समोर डावीकडं एक रस्ता, उजवीकडं एक रस्ता, तिथंच ती थांबते, आणि नेमकी तिथंच पाटी नाही. पाटी होती वीस पावलं मागं, आणि त्यावर एकाच वेळी नऊ गोष्टी लिहिलेल्या. मागून लोक ढकलतायत, हातात पिशवी, अशात त्या नऊमधली आपली कोणती हे वीस पावलं डोक्यात धरून ठेवायचं म्हणजे सोपं नाही हो. आपल्या चालू आठवणीत एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट टिकतात असं मानसशास्त्रज्ञ सांगतात, आणि घाईगर्दीत त्याहून कमी.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. याला वेफाइंडिंग म्हणतात, म्हणजे अनोळखी जागेत वाट काढणं. केविन लिंच नावाच्या नगररचनाकारांनी १९६० मध्ये हा शब्द शहरांच्या संदर्भात वापरला आणि मग तो विमानतळ, हॉस्पिटल, रेल्वे स्टेशन सगळीकडं रुळला.

आता माणूस स्टेशनातच इतका का हरवतो, रस्त्यावर का नाही? याचं उत्तर मेंदूत आहे. जॉन ओ'कीफ या मेंदूशास्त्रज्ञांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, अशा पेशी सापडल्या ज्या उंदीर खोलीतल्या एका ठराविक जागी आला की पेटतात, दुसऱ्या जागी दुसऱ्या पेशी. पुढं २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसेर यांच्या टीमनं मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या, आणि या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे मेंदूत एक नकाशा सतत चालू असतो. पण तो नकाशा जागेवर ठेवायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे बाहेरच्या खुणा, झाड, इमारत, उन्हाची दिशा वगैरे, आणि दुसरी म्हणजे आपण किती चाललो, किती वळलो याचा शरीरानं ठेवलेला हिशोब, ज्यात पाय आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या दोन्ही कामाला लागतात. जमिनीखालच्या स्टेशनात खुणा गायब, सगळ्या भिंती सारख्या. आणि हिशोब बिघडतो कारण एस्कलेटरवर आपण उभेच असतो, गाडी लांबलचक वळण इतक्या हळू घेते की कानाला ते जाणवतच नाही. म्हणून जिना चढून बाहेर आल्यावर सूर्य भलत्याच बाजूला दिसतो आणि आपण दोन मिनिटं खुळ्यासारखे उभे राहतो. हा वेंधळेपणा नाहीये, चांगल्या धडधाकट मेंदूचं असंच होतं.

मग जे काम खुणा करायच्या ते काम पाट्यांनी करायचं. न्यूयॉर्कच्या सबवेसाठी, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेसाठी, मासिमो विन्येली आणि बॉब नूर्डा यांच्या डिझाइन फर्मनं १९७० मध्ये पाट्यांची नियमावली बनवली, त्यातली मूळ कल्पना मला अजूनही सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रवाशाला माहिती द्यायची ती निर्णयाच्या जागी, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. आणि तिथं फक्त तेवढाच निर्णय. दाराशी आलेल्या माणसाला कुठली लाइन एवढंच कळू दे, लाइनच्या फाट्यावर कुठली दिशा, प्लॅटफॉर्मवर कुठली गाडी. झाडाच्या फांद्यांसारखं, एका जागी एकच फाटा. ऐकायला किती साधं आहे, पण स्टेशनात फिरून बघा, बहुतेक पाट्या जिथं टांगायला हुक मिळाला तिथं टांगलेल्या असतात.

याला जोडून अजून एक गोष्ट आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे खात्रीची पाटी. वळलात, बरोबर वळलात, पण पुढं शंभर पावलं काहीच लिहिलेलं नाही. मग माणूस साशंक होतो, परत फिरतो, गर्दीच्या उलट जातो. नूर्डा यांनी १९६४ मध्ये मिलानच्या पहिल्या मेट्रो लाइनचं काम केलं तेव्हा भिंतीवर लाल पट्टा सलग नेला आणि त्यावर स्टेशनचं नाव दर पाच मीटरला लिहिलं. त्यामुळं गाडीच्या कुठल्याही खिडकीतून, कितीही गर्दीत मान वाकडी करून पाहिलं तरी नाव दिसणारच. साठ वर्षांपूर्वी सुचलेली गोष्ट आहे ही, आणि आजही कितीतरी स्टेशनांवर नाव शोधायला प्रवाशाला खिडकीशी झटापट करावी लागते.

अक्षर केवढं हवं याचं तर सरळ गणित आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जी नॉर्मल नजर धरतात ती डोळ्याशी कोनाच्या पाच मिनिटांएवढं अक्षर ओळखते (एक अंश म्हणजे साठ मिनिटं). वीस मीटरवरून याचं अक्षर येतं जवळपास तीन सेंटीमीटरचं. पण ही झाली किमान मर्यादा, उजेड चांगला, डोळे तरुण, माणूस स्थिर उभा. चालत्या, वयस्कर, चष्मा विसरलेल्या माणसासाठी दुप्पट तिप्पट तरी हवं. आपल्या लिपीत तर वर मात्रा, खाली उकार, त्यामुळं रोमन अक्षरांच्या उंचीच्या पट्टीत देवनागरी कोंबली की मधलं अक्षर चिमुकलं होतं आणि रफार तर गायबच.

आता नकाशा. इथं सगळ्यात रंजक विज्ञान आहे असं मला वाटतं. १९३१ मध्ये लंडनमध्ये हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या सर्किटच्या आकृतीसारखा काढला, फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशातल्या रेषा, स्टेशनांमधलं अंतर जवळपास सारखं, शहराचा मधला भाग फुगवलेला. आधी तो नाकारला गेला, मग १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी तो उचलूनच धरला. बेक यांना जे कळलं होतं ते असं की जमिनीखाली बसलेल्या माणसाला वर कुठला रस्ता आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्याला कळायला हवं कुठं चढायचं, कुठं बदलायचं, कुठं उतरायचं, बस. आज जगातल्या बहुतेक मेट्रोचे नकाशे याच पद्धतीचे आहेत.

पण याची किंमतही आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या झान ग्वो यांनी २०११ मध्ये लंडनच्या प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला, की एकाच ठिकाणी जायला दोन मार्ग असतील तर लोक कुठला निवडतात. निघालं असं की नकाशावर जो मार्ग छोटा दिसतो त्याचा प्रभाव प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या जवळपास दुप्पट! आणि आठवड्यातले पाच दिवस प्रवास करणाऱ्यांमध्ये हा प्रभाव कमी होतो, पण तरी स्वतःच्या अनुभवापेक्षा नकाशाचं वजन जास्तच. मला हे वाचून धक्का बसला. म्हणजे नकाशा काढणारा माणूस कागदावर एक रेष जराशी लांबवतो आणि हजारो लोक रोज वेगळ्या स्टेशनवर गाडी बदलतात. याचा चांगला उपयोगही होऊ शकतो, एखाद्या जंक्शनवर चेंगराचेंगरी होत असेल तर तिथून जाणारी वाट नकाशावर थोडी वाकडी दाखवा, भिंत न फोडता गर्दी हलेल. फक्त हे प्रामाणिकपणे करायला हवं, वीस मिनिटांचं चालणं दोन ठिपक्यांमधली छोटी रेष म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कचंच. विन्येली यांनी १९७२ मध्ये बेकसारखाच अतिशय सुबक नकाशा केला, पण त्यात लांबट असलेलं सेंट्रल पार्क चौकोनी झालं, पाणी निळ्याऐवजी मातकट रंगाचं. न्यूयॉर्कचे रस्ते आकडेवार, पार्क सगळ्यांच्या डोक्यात पक्कं, त्यामुळं लोकांच्या मनातला नकाशा आणि हातातला नकाशा भांडायला लागले. १९७९ मध्ये तो बदलून भूगोलाशी जवळचा नकाशा आणला, आणि आता २०२५ मध्ये तिथं पुन्हा सरळ रेषांचा आकृतीवजा नकाशा आलाय. म्हणजे ठिकाण कसं आहे, लोकांना काय आधीच पाठ आहे यावर पुष्कळ ठरतं, एकच उत्तर सगळीकडं चालत नाही.

दिशा सांगायची कशी हा तर माझ्या मावशीचा खरा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या स्टेशनचं नाव लिहितात, अमुककडे जाणारी गाडी. पण ज्याला चौथ्या स्टेशनवर उतरायचंय त्याला शेवटचं स्टेशन कशाला माहीत असेल, तो तिथं आयुष्यात गेलेला नसतो. आणि लाइन पुढं वाढली की सगळं बदलतं, पॅरिसची १४ नंबरची लाइन २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी वाढली तेव्हा दोन्ही दिशांची नावंच बदलली, म्हणजे लाइनभर पाट्या नव्या आणि प्रवाशांच्या डोक्यातलं पाठांतरही नवं. टोकियोच्या भुयारी मेट्रोनं २००४ मध्ये यावर सुंदर तोडगा काढला, प्रत्येक स्टेशनला लाइनचं अक्षर आणि नंबर. गिन्झा लाइनवर शिबुया जी०१, गिन्झा जी०९, असाकुसा जी१९. जपानीचं एक अक्षर वाचता न येणारा माणूसही समजतो की मी ९ वर आहे, १९ ला जायचंय, म्हणजे आकडे वाढणारी दिशा, आणि दहावं स्टेशन माझं. दिशा, अंतर, उतरायची वेळ, तिन्ही एका आकड्यात. मला हा तोडगा इतका आवडतो की ज्या कुठल्या मेट्रोत तो नाही तिथं तो उद्याच्या उद्या लावावा असं वाटतं, खर्च तो काय, रंग आणि स्टिकर.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा शहरात निरक्षर माणसं पुष्कळ होती, म्हणून लान्स वायमन या डिझायनरनी प्रत्येक स्टेशनला एक चित्र दिलं. चापुल्टेपेकला नाकतोडा, कारण त्या नावाचा जुन्या नाहुआत्ल भाषेतला अर्थच नाकतोड्याची टेकडी. एका स्टेशनचं खोदकाम करताना प्राचीन मंदिर सापडलं, तर त्या स्टेशनचं चित्र ते मंदिर. आजही तिथं ही चित्रं वापरात आहेत, आणि ती फक्त निरक्षरांना उपयोगी पडतात असं नाही, लहान मुलं, परदेशी पाहुणे, चष्मा नसलेले, सगळ्यांनाच.

रंगावर सगळा भार टाकणं मात्र चुकीचं. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, बायकांमध्ये हे प्रमाण दोनशेत एक. त्यामुळं रंगासोबत अक्षर किंवा नंबर हवाच. आणि एकाच रंगात खूप काही गुंडाळलं की वेगळाच घोळ, लंडनच्या ओव्हरग्राउंड नावाच्या शहरी रेल्वेच्या सहा लाइन एकाच केशरी रंगात एकाच नावानं चालायच्या, एकीवर गाडी अडकली की बाकी पाचांवरचे लोकही घाबरायचे, शेवटी २०२४ मध्ये सहांना सहा नावं आणि सहा रंग दिले.

डोळ्यांशिवाय चालणाऱ्यांसाठी जमिनीवरच्या पिवळ्या उठावदार फरशा सगळ्यांनी पाहिल्या असतील, पण त्यांचा अर्थ फार कमी लोकांना माहीत असतो. सेइची मियाके या जपानी गृहस्थांनी १९६५ मध्ये त्या बनवल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढं धोका किंवा वळण आहे. ही पायांनी वाचायची भाषा आहे. म्हणून त्यावर बाकडं, कुंडी किंवा बॅगा ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी वाक्यातला शब्द खोडून टाकण्यासारखं आहे. कानांसाठी मॉस्को मेट्रोची युक्ती भारी आहे, शहराच्या मध्याकडं जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा. डोळे मिटून बसलात तरी कळतं की उलट्या गाडीत बसलोय.

आणि शेवटी बाहेर पडायचं. एक्झिटजवळचा "तुम्ही इथे आहात" वाला नकाशा बघताना लोक मान आणि कधी कधी अख्खं अंग वळवतात ते पाहिलंय का? मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं की असा नकाशा भिंतीवर लावताना, बघणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वर यायला हवं. उत्तर दिशा वर ठेवायचा हट्ट धरला तर बघणाऱ्याला मनातल्या मनात नकाशा फिरवावा लागतो आणि भरपूर लोक सरळ उलट्या दिशेनं चालू पडतात. म्हणजे एकाच स्टेशनच्या चार एक्झिटना चार वेगवेगळ्या बाजूंनी फिरवलेले नकाशे छापायला हवेत. एकाच फाइलच्या चार कॉप्या काढून लावणं सोपं पडतं म्हणून ते होत नाही, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

एक गोष्ट मी आता कुठल्याही स्टेशनवर गेलो की बघतो. तिकीट खिडकीवर किंवा खांबावर कुणा कर्मचाऱ्यानं स्केचपेननं लिहून चिकटवलेला कागद, "तीन नंबर इकडं नाही, पलीकडच्या जिन्यानं". दिवसातून दोनशे वेळा तोच प्रश्न ऐकून त्यानं तो लिहिलेला असतो. लोक नेमके कुठं अडतात आणि काय विचारतात हे त्या कागदाइतकं अचूक कुठल्याही सर्व्हेत मिळणार नाही. पण साफसफाईत पहिल्यांदा तोच फाडला जातो. फाडण्याआधी कुणीतरी तो वाचावा, आणि तोच मजकूर, त्याच जागी, मोठ्या अक्षरात, पक्क्या पाटीवर लावावा. मावशी थांबते त्या जिन्याच्या तोंडाशी परवा गेलो होतो, तिथंही असा एक कागद होता, कोपरा फाटलेला.