कळांच्या फोनवरची मराठी

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात मी नवा स्मार्टफोन घेतला, आणि मालवणात ज्याला ज्याला तो दाखवला त्या प्रत्येकाने आधी त्याच्या खालच्या भागावरून बोट फिरवून पाहिले. चौकोनी पडद्याखाली तीन ओळींत इंग्रजी अक्षरांच्या खऱ्या, दाबता येणाऱ्या कळा आहेत. आमच्याकडे ‘बटणांचा फोन’ म्हटले की केवळ बोलण्यापुरता घेतलेला स्वस्तातला साधा फोन डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे बटणे असूनही हा स्मार्टफोनच आहे हे समजावून सांगण्यातच पहिले काही दिवस गेले. माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात असा: इंग्रजीसाठी अंगठे दोन दिवसांत सरावले आणि तिसऱ्या दिवशी कळांकडे न पाहता निरोप लिहून झाला, मराठी मात्र आठव्या दिवशीही हाताला बसली नाही. याचा दोष एकट्या या फोनला देता येत नाही. हातात मावणाऱ्या कळफलकाचा जो प्रवास झाला त्यात देवनागरीला स्वतःच्या कळा जवळपास मिळाल्याच नाहीत, आणि त्या का मिळाल्या नाहीत हे समजून घ्यायचे तर टंकयंत्रापासून सुरुवात करावी लागते.

क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही इंग्रजी कळांची ओळखीची मांडणी अमेरिकेतील मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांच्या टंकयंत्रातून आली. रेमिंग्टनने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले, आणि शोल्स यांच्या १८७८ च्या पेटंटात ही मांडणी जवळपास आजच्याच रूपात दिसते. देवनागरी त्या यंत्रात बसवणे हे मोठे जिकिरीचे काम होते. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि त्यावर जोडाक्षरे, एवढा पसारा मोजक्या कळांत मावणार नव्हता. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. ‘ग’ लिहायचा तर आधी अर्धा ‘ग्’ उमटवायचा आणि मग त्याला दांडी द्यायची; ऱ्हस्व वेलांटी बोलताना व्यंजनाच्या नंतर येत असली तरी कागदावर ती आधी दिसते, म्हणून तिची कळ आधी दाबायची. टंकयंत्रावरची मराठी ही अशी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने लिहिलेली मराठी होती, उच्चाराच्या क्रमाने लिहिलेली नव्हती.

तरीही ती मराठी हातात भिनत असे, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. सरकारी लिपिकाच्या नोकरीसाठी मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र लागे, त्यामुळे कोकणातल्या तालुक्याच्या बहुतेक गावांत टंकलेखनाचा वर्ग असायचाच. आमचा वर्ग बाजारपेठेतल्या एका माडीवर भरत असे. पावसाळ्यात कागद दमट होऊन रोलरला चिकटायचा आणि वेलांटीची कळ सुटून परत यायला वेळ लावायची, पण दोन-तीन महिन्यांत दांडी कुठे, रफार कुठे हे बोटांना आपसूक कळू लागायचे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले होते. त्याच गोदरेजच्या सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात २००९ मध्ये टंकयंत्रांचे उत्पादन थांबले. त्या यंत्रांबरोबर बोटांत साठलेली ती मराठीही हळूहळू ओसरत गेली.

संगणकासाठी मात्र आपल्या लिपीचा विचार नव्याने आणि अतिशय चांगल्या रीतीने झाला होता. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढलेले भारतीय लिप्यांचे काम याच काळातले आहे. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असतात. क आणि ख, ग आणि घ, प आणि फ अशा जोड्या एकेका कळेवर वर-खाली बसतात, आणि अक्षरे उच्चाराच्याच क्रमाने टंकायची असतात. एकदा ही मांडणी आली की मराठी माणूस त्याच हाताने कन्नड किंवा गुजराती अक्षरेही उमटवू शकतो. माझ्या मते भारतीय भाषांसाठी झालेल्या तांत्रिक कामांत याच्या तोडीचे काम थोडेच आहे, आणि ते शाळेत पहिल्यापासून शिकवले गेले नाही याची मला मनापासून खंत वाटते.

परंतु इन्स्क्रिप्ट पूर्ण आकाराच्या कळफलकासाठी आखलेली होती. इंग्रजीत ज्या कळांवर चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम आणि तिरकी रेघ असते, त्या उजव्या टोकाच्या कळाही तिला लागतात. ड-ढ, च-छ, ट-ठ, ष आणि य ही अक्षरे नेमकी त्याच कळांवर आहेत. खिशातल्या फोनला या कळा नसतात. त्यावर २६ इंग्रजी अक्षरे, अंतर सोडण्याची एक कळ आणि दोन-चार किरकोळ कळा एवढेच मावते. तेव्हा इन्स्क्रिप्ट जशीच्या तशी फोनवर आणली तर ‘होडी’ लिहिता येणार नाही, ‘जेटी’ लिहिता येणार नाही, ‘चिपळूण’ लिहिता येणार नाही आणि पाहुण्याला ‘येवा’ म्हणता येणार नाही. माझ्या नव्या फोनवर मराठी हाताला का बसेना याचे अर्धे उत्तर या गळालेल्या कळांत आहे.

ही २६ कळांची चौकट ठरली ती उत्तर अमेरिका आणि युरोपात, तिथल्या भाषांसाठी. नोकियाचा पुस्तकासारखा उघडणारा कम्युनिकेटर १९९६ मध्ये आला. पण अंगठ्यांनी लिहिण्याची सवय जगाला लावली ती कॅनडातील वॉटर्लूच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने. माइक लझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे ब्लॅकबेरी ८५० हे यंत्र १९९९ मध्ये आले. त्यावरून बोलता येत नसे, फक्त ई-मेल वाचता-लिहिता येई. दोन्ही हातांत यंत्र धरले की बोटे मागे अडकतात आणि अंगठे तेवढे मोकळे राहतात, हे ओळखून त्याच्या कळांचा आकार आणि उतार ठरवलेला होता. अशा कळेखाली धातूची एक इवलीशी घुमटी असते. दाब पडला की ती आत बसते, खालचे विद्युतमंडल जोडते आणि दाब सुटताच उसळून पूर्ववत होते. अंगठ्याला जाणवणारी ती बारीक टिचकी म्हणजे अक्षर उमटल्याची पावतीच असते. पुढे पामचा ट्रिओ, नोकियाचा ई-७१, ब्लॅकबेरीचे कर्व्ह आणि बोल्ड असे अनेक फोन आले, आणि २०१० च्या नोकिया सी-३ सारख्या परवडणाऱ्या फोनांमुळे पूर्ण कळफलक महाविद्यालयीन मुलांच्याही हाती आला. या सर्वांवर इंग्रजी लिहिणे सुखाचे होते.

मराठी लिहिणे तेव्हा केवळ कळांमुळेच अडत नव्हते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात; त्यात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, पण युनिकोड, म्हणजे जगातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांना संकेत देणारी पद्धत, वापरून लिहिलेल्या देवनागरीचे संकेत ७० च बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी स्वतंत्र संकेत मोजले जातात. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवायचा तर दोन-तीन एसएमएसचे पैसे पडत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये रोजच्या एसएमएसवर संख्येची मर्यादा घातली, तेव्हा तर प्रत्येक एसएमएस जपून वापरावा लागे. मराठी माणूस रोमन अक्षरांत मराठी लिहू लागला याचे खापर केवळ भाषेविषयीच्या अनास्थेवर फोडले जाते ते मला पटत नाही, कारण हिशोबच तसा होता.

त्या काळात मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे, आणि त्याही कळांच्या फोनवरून रोमन अक्षरांतच जात. तिकडे कार्यालयात त्यांची देवनागरी केली जाई. एकदा मच्छीमारांनी खाडीतला गाळ काढण्याची मागणी केली होती आणि मी रोमनमध्ये ‘जी-ए-एल’ लिहिले होते. दुसऱ्या दिवशी ‘खाडीतील गळ काढण्याची मागणी’ अशी बातमी छापून आली. गळ म्हणजे मासा धरायचा आकडा. गाळामुळे ज्यांच्या होड्या ओहोटीला रुतून बसत होत्या, त्यांच्या मागणीचा अर्थ रोमनमध्ये गळालेल्या एका कान्यामुळे उलटापालटा झाला. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट हे फरक आपल्या भाषेत अर्थाचे फरक आहेत, आणि २६ कळांनी ते सगळे एकाच मापात कोंबले होते.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्यांचा कळांवरचा मुख्य आक्षेप असा होता की, त्या गरज असो वा नसो तिथेच राहतात आणि कामाप्रमाणे बदलता येत नाहीत. हा मुद्दा इंग्रजीपेक्षा देवनागरीला जास्त लागू पडतो, असे मला आता मागे वळून पाहताना वाटते. काचेवरचा कळफलक हवी ती अक्षरे दाखवू शकतो, एवढेच नव्हे तर एक अक्षर दाबल्यावर बाकीची अक्षरे बदलूही शकतो. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागातून २०१३ च्या सुमारास आलेल्या स्वरचक्र या कळफलकात हेच केले गेले. ‘क’ वर बोट ठेवताच त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्रासारखी उघडते आणि हव्या त्या दिशेला बोट सरकवले की काम झाले. प्लॅस्टिकच्या कळेला हे कधीच जमणार नव्हते. पुढे भारतीय मानक आयएस १६३३३ च्या २०१६ मधील तिसऱ्या भागाने फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा टंकता आली पाहिजे असे ठरवले. लिपीच्या बाजूने पाहिले तर काचेच्या पडद्याने आपले भले केले, हे मान्य करायला हवे.

कळांच्या फोनांची उतरण त्यानंतर लांबली नाही. पासपोर्ट, प्रिव्ह, कीवन, की-टू असे ब्लॅकबेरीचे प्रयत्न २०१४ ते २०१८ दरम्यान झाले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरील फोनांच्या सेवा बंद करण्यात आल्या. आता हे फोन तयार करणाऱ्या कंपन्या लहान आहेत. युनिहर्ट्झ ही चिनी कंपनी २०१९ पासून टायटन नावाचे फोन काढत आहे, तर २०२४ मध्ये क्लिक्स या कंपनीने आयफोनला खालून जोडायचा कळफलक आणला.

मग मी असा फोन का घेतला? याचे कारण समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्याला लगेच समजेल. हल्लीचा काचेचा पडदा बोटाने त्याच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. धक्क्यावर लिलाव चालू असताना हात ओले, काच ओली, वरून झड, अशा वेळी पडदा भलतीच अक्षरे उमटवतो किंवा मुळीच दाद देत नाही. कळेला ओल्या हाताचे काही वाटत नाही. मात्र खाऱ्या हवेचे वाटते, हेही सांगितले पाहिजे. माझा जुना कळांचा फोन तिसऱ्या पावसाळ्यानंतर ‘ए’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे उमटवेनासा झाला. दुरुस्तीवाल्याने वरचा रबर उचलला तेव्हा त्या दोन घुमट्यांखाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय धरलेली मी पाहिली. नवा फोन म्हणूनच मी रात्री तांदळाच्या डब्याशेजारी, घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवतो.

मराठीसाठी या फोनवर उच्चारानुसारी पद्धत वापरावी लागते: रोमन कळा दाबायच्या आणि पडद्याच्या तळाशी येणाऱ्या देवनागरी पर्यायांतून शब्द निवडायचा. चौकोनी पडद्याची एक पट्टी त्यातच जाते. मी पहिल्याच दिवशी ‘दर्या’ लिहिला तो बरोबर आला. त्याच कळा दाबून ‘दऱ्या’ हवा होता तेव्हा तो पर्यायांत तिसरा होता, आणि अंगठा सवयीने पहिल्यावर पडला. युनिकोडमध्ये मराठीचा ऱ पहिल्यापासून आहे, ॲ हे अक्षर २००८ मध्ये आले, म्हणजे अक्षरांची सोय झालेली आहे. समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांत फरक करण्याचे काम मात्र या कळा अजून माझ्यावरच सोडतात. आंधळेपणाने, केवळ स्पर्शावर मराठी लिहिणे, जे त्या माडीवरच्या वर्गात मला येत होते, ते इथे होत नाही. एक गोष्ट मात्र हाताला लागली आहे. या पद्धतीत मोठे आणि लहान अक्षर यांचे उच्चार वेगळे धरले जातात, आणि मोठ्या अक्षराची कळ डाव्या अंगठ्याने धरून उजव्याने अक्षर दाबणे हे न पाहता जमते.

परवा सकाळी धक्क्यावर एका पातीवरच्या, म्हणजे छोट्या होडीवरच्या, मुलाने फोन हातात घेतला, तिन्ही ओळी नीट वाचल्या आणि विचारले, “काकानू, ह्येच्यार ळ खंय आसा?” मी त्याचा डावा अंगठा वरच्या बाणाच्या कळेवर ठेवला आणि उजव्याने ‘एल’ दाबायला सांगितले. त्याचे हात बर्फाच्या पाण्याने भिजलेले होते. आधी जी, मग दोनदा ए, आणि शेवटी बाण धरून एल. पडद्याच्या तळाशी पहिलाच पर्याय ‘गाळ’ असा आला.