शामोनीचे वाटाडे आणि माँ ब्लाँची दोनशे वर्षे

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आर्व नदीच्या अरुंद खोऱ्यात, सुमारे 1035 मीटर उंचीवर शामोनी वसलेले आहे आणि त्याच्या माथ्यावर 4800 मीटरांहून उंच असा माँ ब्लाँ उभा आहे. उन्हाळ्यात चढाई व पदभ्रमण, हिवाळ्यात स्कीइंग आणि माँ ब्लाँला वळसा घालणारी सुमारे 170 किलोमीटरांची तीन देशांतून जाणारी वाट यांसाठी आता आपल्याकडचे गिर्यारोहकही तिथे जातात. या गावाचा इतिहास बहुधा शिखरविजयांच्या तारखांनी सांगितला जातो. मला मात्र त्याचा खरा कणा दुसरीकडे दिसतो. डोंगरात माणूस गेला तर त्याची जबाबदारी कोणाची आणि मागे राहिलेल्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर या गावाने पुन्हा पुन्हा शोधले, आणि आज तिथे दिसणारी व्यवस्था त्या शोधातून उभी राहिली आहे.

अठराव्या शतकापर्यंत हे खोरे गुराढोरांवर आणि जेमतेम शेतीवर जगत होते. सतराव्या शतकात हिमनद्या इतक्या खाली सरकल्या होत्या की शेते आणि वस्त्या गिळल्या जाऊ लागल्या, आणि 1644 मध्ये बिशपांना बोलावून मिरवणुकीने हिमनदीवर आशीर्वादाचे मंत्र म्हणवून घेण्यात आले. बर्फात स्वतःहून जाणारे लोक दोनच प्रकारचे होते: शिकारी आणि कड्यांतून स्फटिक काढून विकणारे. 1741 मध्ये विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे इंग्रज प्रवासी इथे आले, माँतांवेरपर्यंत चढले आणि तिथली हिमनदी पाहून त्यांनी केलेल्या वर्णनामुळे युरोपभर कुतूहल जागे झाले. ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र, हे नाव त्याच वर्णनातून रूढ झाले. पुढे 1760 मध्ये जिनिव्हाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने माँ ब्लाँच्या माथ्याची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले.

ती वाट सापडायला आणखी 26 वर्षे लागली. 8 ऑगस्ट 1786 रोजी संध्याकाळी स्फटिक शोधणारा जाक बाल्मा आणि गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे शिखरावर पोहोचले, आणि पुढल्या वर्षी अठरा वाटाडे बरोबर घेऊन सोस्यूर स्वतः वर गेला. बक्षीस आणि कीर्ती बाल्माच्या वाट्याला आली. पाकार मात्र मागे पडला. गावात 1887 मध्ये बाल्मा आणि सोस्यूर यांचा पुतळा उभारला गेला, पण डॉक्टरांचा पुतळा उभा राहायला पहिल्या चढाईची द्विशताब्दी, म्हणजे 1986 साल उजाडावे लागले. शंभर वर्षांचा हा अन्याय गावाने अखेर आपल्या हाताने दूर केला, ही गोष्ट मला पुतळ्याहून मोठी वाटते. 1808 मध्ये मारी पारादी ही इथलीच कष्टकरी बाई शिखरावर पोहोचलेली पहिली स्त्री ठरली.

गावाला कलाटणी देणारी घटना मात्र 20 ऑगस्ट 1820 ची. रशियाच्या सेवेतील डॉ. हामेल यांची तुकडी वर चढत असताना पायाखालचा बर्फ सुटला आणि पिएर बाल्मा, पिएर कारिए व ओग्यूस्त तॅराझ हे तीन वाटाडे हिमभेगेत गाडले गेले. वाटाड्यांची इच्छा नसताना त्यांना पुढे नेले गेले का, यावरून पुढे बराच वाद झाला. त्या वेळी हे खोरे फ्रान्समध्ये नव्हते, ते सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होते. 1821 मध्ये गावातल्या वाटाड्यांनी आपली संस्था स्थापन केली. आज जगातली सर्वांत जुनी गाइड संस्था म्हणून ती ओळखली जाते, आणि दर 15 ऑगस्टला तिचा उत्सव होतो.

त्या संस्थेच्या नियमांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पाहुणे आले की वाटाडे पाळीपाळीने नेमले जात. ज्याची पाळी त्याने जायचे, मग पाहुण्याला तो आवडो वा न आवडो. दर ठरलेले असत. माँ ब्लाँसाठी एका पाहुण्यामागे चार वाटाडे घेण्याची सक्ती होती. मिळकतीतून एक निधी बाजूला काढला जाई आणि अपघातात सापडलेल्या वाटाड्याला किंवा त्याच्या घरच्यांना त्यातून मदत मिळे. आपल्या पसंतीचा वाटाड्या निवडता येत नाही म्हणून इंग्रज गिर्यारोहकांनी या पाळीपद्धतीवर बरीच टीका केली. चढाईच्या दृष्टीने ती टीका रास्त असेलही, पण ज्या गावात एका उन्हाळ्यात तीन घरे उघडी पडली होती, त्या गावाने काम आणि धोका सारखा वाटून घेण्याची रीत निवडली, यात मला मोठे शहाणपण दिसते.

त्या तिघांचा शेवट पुढे 1861 मध्ये कळला. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्झ यांनी हिमनदीचा वेग मोजून हे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी खाली येतील असे आधीच सांगितले होते, आणि एकेचाळीस वर्षांनी बोसों हिमनदीच्या खालच्या टोकाशी ते खरोखर बाहेर पडले: हाडे, केसांच्या बटा, कपड्यांचे तुकडे, फुटका कंदील आणि शिखरावर सोडण्यासाठी नेलेल्या कबुतराचा काळ्या पिसांचा एक पंख. त्या अपघातातून वाचलेला वाटाड्या जोझेफ-मारी कुते तोवर म्हातारा झाला होता. आपल्या सोबत्यांचे अवशेष त्यानेच ओळखले.

त्याच सुमारास, 1860 मध्ये, हा प्रांत फ्रान्सकडे गेला. 1865 मध्ये मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना जे चौघे कोसळले त्यांत याच खोऱ्यातला मिशेल क्रो होता. 1901 मध्ये रेल्वे शामोनीला आली, 1909 मध्ये माँतांवेरची दातेरी रेल्वे पुरी झाली, 1924 मध्ये इथे भरलेल्या क्रीडासप्ताहाला पुढे पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा मान मिळाला आणि 1955 मध्ये एग्वी द्यू मिदीच्या 3842 मीटर उंच सुळक्यापर्यंत रोपवे गेला. गर्दी वाढली, पण अडकलेल्यांना सोडवायचे कोणी, हे कागदावर स्पष्ट नव्हते.

इथेच या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडला जातो. 3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माँ ब्लाँवर आदळले आणि त्यातील सर्व 48 जण मृत्युमुखी पडले. मदतीसाठी वर निघालेला रने पायो हा शामोनीचा वाटाड्याही बर्फात सापडून गेला. त्या अनोळखी प्रवाशांसाठी जीव दिलेल्या या माणसाचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते. 1956 च्या डिसेंबरात दोन तरुण गिर्यारोहक वर अडकले, त्यांच्याकडे गेलेले हेलिकॉप्टरच कोसळले आणि दिवसेंदिवस साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत त्यांचा अंत झाला. त्या संतापातून 1958 मध्ये शामोनीत सरकारी पोलीस दलाची पर्वतीय बचाव तुकडी उभी राहिली. गावाने निधी काढून जे ओझे उचलले होते, त्यातला बचावाचा भाग आता सरकारने घेतला, आणि या बचावासाठी अडकलेल्याकडून पैसे घेतले जात नाहीत.

24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान याच डोंगरावर आदळले. त्यातले 117 जण गेले आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्या विमानाचे अवशेषही बोसों हिमनदी अधूनमधून परत करते: 2012 मध्ये भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली मिळाली, आणि 2020 मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली भारतीय वृत्तपत्रे ओली पण वाचता येण्याजोगी सापडली.

अर्थात हिमनद्या आटत आहेत, म्हणूनही हे सारे वर येत आहे. माँतांवेरला रेल्वे सुरू झाली तेव्हा बर्फ स्थानकाच्या जवळ होता. अलीकडे तिथपर्यंत पोहोचायला पाचशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागत होत्या. कडे एकत्र धरून ठेवणारा बर्फही वितळू लागला असून माँ ब्लाँच्या शिखराकडे जाणाऱ्या गूते वाटेवरच्या घळीतून दगड कोसळण्याचा धोका उन्हाच्या लाटेत फार वाढतो. जुलै 2022 मध्ये हा धोका इतका वाढला की शामोनीच्या गाइड संस्थेने, अन्य गाइडांप्रमाणेच, ऐन हंगामात या वाटेने पाहुण्यांना शिखरावर नेणे थांबवले. 1820 मध्ये वाटाड्यांनी नको म्हटले होते की नाही, याचा वाद मिटलेला नाही. या वेळी त्यांनी नको म्हटले आणि कोणीही वर गेले नाही असे नसले, तरी त्यांच्या दोराला बांधून कोणी गेले नाही.